बावीसची बंदूक आणि पोलीस स्टेशनची पावती

सलमाबाद, बहरीन
२७ जून २०२५

ती. शैलेंद्रमामास,

नमस्कार. साष्टांग घालायला आमच्या खोलीत तेवढी जमीन नाही, तेव्हा उभ्यानेच घे.

तुझं रजिस्टर पत्र ऑफिसच्या पत्त्यावर मिळालं. ‘बंदुकीचा विषय फोनवर बोलायचा नाही, फोन ऐकले जातात’ हे तू पाकिटाच्या बाहेर लाल शाईने लिहिलंस, त्यामुळे गुप्तता उत्तम राहिली. स्टोअरकीपर जमालुद्दीनचाचा आपल्या शेजारच्या तालुक्यातले. त्यांनी ते वाचलं, इतरांना हिंदीत समजावून सांगितलं आणि मग पत्र माझ्या टेबलावर हळूच, दोन बोटांनी ठेवलं.

तुझ्या टीव्हीवर युद्धाच्या बातम्यांत आखाती देश लाल रंगात धगधगत होते, असं तू लिहितोस. असतील. त्या संध्याकाळी मी सीफच्या मॉलमध्ये चपला बघत होते आणि धगधगत होती ती फक्त किंमत. सरकारने सायरनची चाचणी घेतली, हे खरं. पण आमची कंपनी सुरक्षेचंच सामान विकते. हेल्मेट, हातमोजे, कानात घालायची बोंडं. कागदपत्रं सांभाळता सांभाळता इमर्जन्सी वॉर्डन मीच आहे, कारण त्यासंबंधीचं परिपत्रक शेवटपर्यंत वाचणारी मी एकटीच होते. सायरन वाजला आणि मी बेचाळीस माणसं चार मिनिटांत शिस्तीत हलवली. आईला हे सांग. तिला अभिमान वाटेल.

आता तुझी अट. फेब्रुवारीत माझा दोन वर्षांचा करार संपतो. पुढचा करार मी करायचा नाही, कारण बाबा गेल्यापासून आई वाडीत एकटी आहे, डुकरं सुरण उकरून अंगणापर्यंत आली आहेत आणि तू दोन्ही घरं राखू शकत नाहीस. ‘घरात एक तर बंदूक हवी, नाही तर मुलगी.’ हे तुझंच वाक्य. मी तीनदा वाचलं. घराण्यातल्या पहिल्या पदवीधर मुलीची नेमकी किंमत इतक्या स्वच्छ अक्षरात मला आजवर कोणी सांगितली नव्हती.

मी बंदुकीच्या विरोधात आहे. कॉलेजात अहिंसेवर निबंध लिहून मी दुसरा नंबर काढला होता, तू पेढे वाटले होतेस. पण विरोध केला तर मला नोकरी सोडून डुकरांवर ओरडायला यावं लागेल. म्हणजे तत्त्व राखायचं तर पोट जातं आणि पोट राखायचं तर तत्त्व. कोंडीत कसं पकडायचं हे तुला बंदुकीशिवायही छान जमतं.

तर कोणती बंदूक, ते कळव.

तुझी,
मृणाली

*

वाडेखोल, ता. संगमेश्वर
१४ जुलै २०२५

चि. मृणाली हिस,

आशीर्वाद. पत्रातला टोमणा पोचला. टोमणे मारायला शिकवतात हे माहीत असतं तर तुला कॉमर्सला घातलं नसतं.

मी या विषयाचा रीतसर अभ्यास केला आहे. एकूण एकोणचाळीस व्हिडिओ पाहिले. अमेरिकेत एक दाढीवाला गृहस्थ आहे, त्याने तळघरात पाच वर्षांचा राजमा भरून ठेवला आहे. तो म्हणतो की आणीबाणीसाठी नवशिक्याने पहिली बंदूक घ्यावी ती पॉइंट टू टू, म्हणजे आपल्या भाषेत बावीसची. हलकी, स्वस्त, खांद्याला धक्का नाही, काडतूसही परवडतं. माणसाला समजावून सांगावं कसं ते त्याच्याकडून शिकावं.

छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, पण तिने कावळाही उडत नाही. बारा बोरची मोठी बंदूक मला सहज पेलेल, पण घरात बाईमाणूस आहे म्हणून मी माझ्या आवडीला मुरड घातली. शेती संरक्षण परवान्यासाठी माझ्या नावाने अर्ज टाकला आहे.

तुझी आई ठीक. ती या विषयावर काही बोलत नाही, म्हणजे तिला मान्य आहे.

डुकरांचं गंभीर आहे. मागच्या मंगळवारी एकाशी माझा समोरासमोर सामना झाला. मी जागा सोडली नाही. बाकी तपशील लिहीत नाही.

तुझा,
शैलेंद्रमामा

*

सलमाबाद, बहरीन
३ ऑगस्ट २०२५

ती. मामास,

नमस्कार. दाढीवाल्या गृहस्थांनाही सांग.

मला कुठलीही गोष्ट अर्धवट आवडत नाही, हा माझा जुना दोष. नोकरीच टांगलेली आहे म्हटल्यावर मीही अभ्यास केला. अहिंसेवर दोन पानं लिहिणारी मी आता बंदुकांची तुलना करणारा साडेतीन पानी तक्ता करून बसले आहे. तो सोबत जोडला आहे. कॉलेजने बक्षीस परत मागू नये म्हणजे झालं.

तक्त्याचा निष्कर्ष तुझ्या बाजूचा आहे, हे लिहिताना माझा हात जड होतोय. नवशिक्याला बावीसची बरी. वजन भरलेल्या कळशीच्या निम्म्याहूनही कमी. चाप ओढताना माणूस दचकत नाही, म्हणून नेम लवकर बसतो. दस्ता मात्र धरणाऱ्याच्या हाताच्या मापाचा हवा. आणि हे लाल शाईने लिही, पाकिटावर नको: बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे.

पण जमालुद्दीनचाचांना हा तक्ता दाखवला, तर ते चष्मा काढून हसले. त्यांच्या घरी बापजाद्यांची ठासणीची बंदूक आहे. म्हणाले, “मृणालीबाय, बावीसच्या गोळीने डुक्कर मरत नाही. रागावतं.” शिवाय डुकराला मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे बार काढायचा तो हवेत, नुसत्या आवाजासाठी. आवाजच हवा असेल तर मामा, तू स्वतः आहेस की.

चाचा आणखी एक बोलले. निवडणूक लागली की परवान्याची प्रत्येक बंदूक पोलीस स्टेशनात जमा करावी लागते. खासदार, आमदार, झेडपी, ग्रामपंचायत, अधूनमधून कोणी वारलं तर पोटनिवडणूक. त्यांच्या घरची बंदूक घरात कमी आणि पोलीस स्टेशनात जास्त राहिली. ते म्हणतात, डुकरांना आचारसंहितेची तारीख बरोबर कळते, ती त्याच आठवड्यात येतात. आणीबाणीसाठी घेतलेली वस्तू आणीबाणीत दुसरीकडे राहणार असेल, तर तिचा आणि आमच्या कंपनीतल्या फायर एक्स्टिंग्विशरचा दर्जा एकच. त्याला आमच्या मॅनेजरने सायकलसारखं कुलूप लावलंय, चोरीला जाऊ नये म्हणून.

आईला विचारलंस का? ती बोलत नाही याचा अर्थ तिला मान्य आहे असा नसतो. तू बोलतोयस एवढाच असतो.

मृणाली

*

वाडेखोल
१९ सप्टेंबर २०२५

चि. मृणाली,

गणपती पार पडले. तू नव्हतीस ते सगळ्यांनी विचारलं. मी सांगितलं, ती बहरीनमध्ये माणसं हलवते.

जमालुद्दीन यांना माझा सलाम सांग, आणि हेही सांग की झेडपीची निवडणूक तीन वर्षं नुसती पुढे जातेय. ती आमच्या हयातीत व्हायची नाही. त्यांनी निश्चिंत असावं.

एक किरकोळ तांत्रिक अडचण आली आहे. माझा अर्ज परत आला. कचेरीतला क्लार्क म्हणतो की शेती संरक्षणाचा परवाना शेती ज्याच्या नावावर आहे त्याला मिळतो. माझा सातबारा मी मागेच विकल्यामुळे, म्हणजे ते तुला ठाऊकच आहे. वाडेखोलची जमीन सुनीताताईच्या आणि तुझ्या नावावर. म्हणून नवा अर्ज ताईच्या नावाने केला. त्याला तुझं संमतीपत्र जोडायचंय, नमुना सोबत आहे, निळ्या शाईने सही कर.

आणखी एक. अर्जदाराने बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा. म्हणजे ताईला रत्नागिरीला जावं लागेल. मी बरोबर जाणार आहे, कारण बंदूक नावापुरती तिची असली तरी जबाबदारी माझीच. क्लार्कने ‘बावीस’ वाचून डुक्कर हसेल असं काहीतरी पुटपुटलं. मी दुर्लक्ष केलं.

संमतीपत्र नाही आलं तर समजू की तू येते आहेस.

शैलेंद्रमामा

*

सलमाबाद
८ ऑक्टोबर २०२५

ती. मामास,

संमतीपत्र सोबत आहे. निळ्या शाईने, तीन ठिकाणी सही केली. जमालुद्दीनचाचा सुट्टीवर निघालेत, ते हाती आणून देतील. आईसाठी खजूर आणि तुझ्यासाठी एक हेल्मेट पाठवते आहे. कंपनीचा नमुना आहे, फणस पडला तरी डोकं फुटत नाही, अशी हमी आहे.

सही करायला मला चार दिवस लागले. रूममेट हलिमा म्हणाली, यल्ला, आटप, एक सही आहे, निकाह नाही. तिला कसं सांगू? ज्या बाईने मला लाकडी बंदूकसुद्धा खेळायला दिली नाही, जिने माझ्या फीसाठी काजूच्या कारखान्यात बोटं काळी करून घेतली, तिच्या हातात बंदूक जावी म्हणून मी सही करतेय. का? तर मला इथे एसीत बसून हातमोज्यांची पावती फाडता यावी. निबंधात मी लिहिलं होतं की माणसाने साधनशुचिता पाळावी. तेव्हा मला फेब्रुवारी हा महिना असतो हे ठाऊक नव्हतं.

एक विनंती, यात टोमणा नाही. तिला तिथे भीती वाटली, हात थरथरला, ती नको म्हणाली, तर अर्ज फाडून टाक आणि मला कळव. मी येईन. खरंच येईन. पण ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली पाहिजे, तुझ्या नाही.

मृणाली

*

वाडेखोल
१७ जानेवारी २०२६

चि. मृणाली,

मध्ये लिहिता आलं नाही, कामं होती. तीन बातम्या आहेत.

ताईचं प्रशिक्षण माझ्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झालं. दाखला मिळाला. तपशील महत्त्वाचे नाहीत. परवाना डिसेंबरात आला आणि आपण बावीसची बंदूक घेतली, सरकारी कारखान्याची, तुझ्या तक्त्यातली दुसऱ्या ओळीतली. नऊ दिवस ती घरात होती. मी दोन वेळा तेल लावलं.

मंगळवारी झेडपीची निवडणूक जाहीर झाली. बुधवारी पोलीसपाटील दारात. गुरुवारी बंदूक पोलीस स्टेशनात जमा केली. निकाल लागून आठवडा होईपर्यंत ती तिथेच.

जमालुद्दीन यांना हे सांगायची गरज नाही.

आता मुद्दा. अट होती घरात बंदूक किंवा मुलगी. तुझा करार फेब्रुवारीच्या दहा तारखेला संपतो. त्या दिवशी बंदूक घरात नसेल. म्हणजे अट पूर्ण होत नाही. मी वाईट माणूस नाही, पण शब्द तो शब्द. तिकिटाचं बघ.

शैलेंद्रमामा

*

सलमाबाद
२४ जानेवारी २०२६

ती. मामास,

सात महिने, एकोणचाळीस व्हिडिओ, साडेतीन पानांचा तक्ता, तीन सह्या, एक हेल्मेट. आणि नऊ दिवसांची बंदूक. अमेरिकेतल्या त्या गृहस्थांच्या राजम्याचा बेत तरी याहून बरा होता. राजमा कोणी जमा करून घेत नाही.

मी भांडणार नाही. नव्या कराराचा कागद माझ्या टेबलावर आहे. मॅनेजर रोज विचारतो, मी इंशाल्ला म्हणते. इथे इंशाल्लाचे फार अर्थ होतात. तो त्यातला सोयीचा घेतो.

तुला मी एकच विचारलं होतं. आई काय म्हणाली, तिच्या तोंडून. ‘तपशील महत्त्वाचे नाहीत’ हे तुझं उत्तर. मला तेच तपशील हवेत. ते आले की मी तिकीट काढीन किंवा सही करीन. तोवर दोन्ही नाही.

मृणाली

*

वाडेखोल
१ फेब्रुवारी २०२६

चि. मृणाली,

मी तुझी आई लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकले, त्यालाही चाळीस वर्षं झाली, तेव्हा चुका काढू नको. जमालुद्दीन यांची सून परवा बहरीनला येते आहे, तिच्याकडे देते. मामाला दाखवलेलं नाही. त्याने तुझी सगळी पत्रं मला वाचून दाखवली, पण काही ठिकाणी खोकला आला. मी ती नंतर डब्यातून काढून स्वतः वाचली. सावकाश वाचता येतं मला.

आधी तुझ्या मामाचा सामना. तो जुलैत मंगळवारी डुकराशी समोरासमोर आला आणि त्याने जागा सोडली नाही, हे खरं आहे. ती जागा फणसाच्या झाडावर होती. दोन तास. डुक्कर कंटाळून गेलं, मग मी शिडी लावली. तेव्हापासून बंदुकीचा ध्यास. माझ्यासाठी नाही घेतली ग ती, त्याच्या झाडावर चढण्यापायी घेतली. पण त्याला हसू नको. त्या दिवशी तो माझ्या सुरणाकडेच बघायला आला होता.

आता तुझा सामना. जमालुद्दीन ऑक्टोबरात घरी आले, चहा झाला आणि त्यांनी सांगितलं. सायरन वाजला की घरात शिरायचं असतं म्हणे, छपराखाली, खिडकीपासून लांब. आणि तू आग लागल्यासारखं सगळ्यांना बाहेर काढलंस, उघड्या आभाळाखाली, जूनच्या उन्हात रांगेत उभं केलंस आणि मोजलंस. बेचाळीस. मॅनेजर आत एकटा सुरक्षित. चाचणी होती म्हणून निभावलं. जमालुद्दीन तुझ्यावर रागावले नव्हते. म्हणाले, पोरगी दुसऱ्या दिवशी रडली, मग सगळ्यांची माफी मागितली, मग हिंदीत, मल्याळममध्ये, बंगालीत पाट्या करून प्रत्येक दारावर लावल्या. आता सायरन वाजला की सगळे आत जातात, तीही जाते.

हे तू मला लिहिलं नाहीस. लिहिलंस की अभिमान वाटेल. मला पाट्यांचा वाटला.

आता माझं. तुम्ही दोघांनी सात महिने माझ्यासाठी बंदूक निवडली. वजन किती, दस्ता केवढा, कुलपं किती. मला कोणी विचारलं नाही. तू विचारायला सांगितलंस, पण त्यालाच सांगितलंस. माझ्याकडेही फोन आहे. त्यावर बंदूक नको, पण आई तुला काय वाटतं एवढं बोललं असतं तर कुणी पकडलं नसतं.

रत्नागिरीला पहिल्या दिवशी हात थरथरला. एक निवृत्त सुभेदार शिकवतात. म्हणाले, काकू, श्वास अर्धा सोडा आणि थांबा. मी म्हटलं, ते मला येतं, विळीवर सुरण चिरताना तेच करते. दहातल्या नऊ गोळ्या काळ्या ठिपक्यात गेल्या. मामा म्हणाला मी दाखवतो, नवशिक्याला धीर येईल. त्याच्या दोन गोळ्या शेजारच्या माणसाच्या कागदावर लागल्या, त्या माणसाला जास्त गुण मिळाले. लहानपणी जत्रेत फुगे फोडायला आम्ही दोघं जायचो. फुगे मी फोडायचे, बक्षिसाचा कंगवा तो घ्यायचा. हे तो विसरला, मी नाही.

मग परवाना आला. लहान वहीसारखा, त्यात माझा फोटो, माझं पूर्ण नाव, मोठ्या साहेबाची सही. आजवर सरकारचा जो कागद घरात आला त्यावर मी कोणाची तरी बायको नाही तर कोणाची तरी आई होते. हा माझा आहे. तुझी पदवी भिंतीवर आहे ना, तिच्या खाली खिळा मारून लावणार होते, मामा म्हणाला भिंतीवर लावायचा नसतो. म्हणून ट्रंकेत ठेवलाय, रोज बघते.

निवडणूक लागली, बंदूक मी स्वतः नेऊन दिली. हवालदार म्हणाला, तुमच्या मालकांना पाठवा. मी म्हटलं, मालक मीच. त्याने पावती लिहून दिली.

आणि तुझे जमालुद्दीनचाचा खोटं बोलत नाहीत. चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला डुकरं वालात शिरली. मी तेलाचा रिकामा डबा घेतला, बत्ता घेतला आणि अर्धा श्वास सोडून बडवला. गेली. मामा हेल्मेट घालून आला होता, झाडावर होता. तू पाठवलेलं हेल्मेट चांगलं आहे, त्याच्या मापाचं आहे.

त्या रात्री त्याला जेवायला वाढलं आणि म्हटलं, शैलू, अट सांग. तो म्हणाला, घरात बंदूक किंवा मुलगी. मी पावती पुढे ठेवली. म्हटलं, ही बंदूक आहे, नंबर वाच. तो म्हणाला, ताई, ही पावती आहे. मी म्हटलं, तुझी अटही कागदावरचीच होती, माझी बंदूकही कागदावरची. त्याने आणखी भात मागून घेतला. मग म्हणाला, तिला कळव.

तर कळवते. तू विचारलंस, माझ्या तोंडून. मला तू हवी आहेस, रोज संध्याकाळी हवी असतेस. पण राखणीला नको. राखणीला मी आहे. सही कर.

मे महिन्यात सुट्टीला ये, आंबे तुझ्यासाठी ठेवीन, माकडांनी ठेवले तर. येताना तुमच्या कंपनीतली ती कानात घालायची बोंडं आण. बंदूक सुटून आली की एक बार काढून बघणार आहे. मला नकोत, मामासाठी.

तुझी आई,
सुनीता